चढाला बंद, उताराला ठणठणीत: दोन वर्षं छळणारी गाडी आणि घरातलाच गुन्हेगार

लक्षण आधी सांगतो. सकाळी पहिल्या किकला चालू. गावात फिरा, बाजारहाट करा, काही तक्रार नाही. चढ लागला आणि तिसऱ्या गिअरवर चार-पाच किलोमीटर ओढली की गाडी आधी ढिली पडते. मूठ पिळली तरी जोर येत नाही. मग दोन-तीन झटके आणि भुक्क करून बंद. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू. पुन्हा थोडं अंतर, पुन्हा तेच. घाट उतरताना मात्र एकदाही नाही.

गाडी २०११ ची, १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. मी वाईत राहतो आणि नोकरीला पाचगणीला जातो, म्हणजे रोज पसरणी घाट. बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, पण त्यातला बराचसा चढ. या घाटात ज्या ज्या वळणावर थांबायला जागा आहे, ती प्रत्येक जागा मला आता तोंडपाठ आहे. एका वळणावरचा मक्याची कणसं विकणारा तर मला बघून शेगडीला वारा घालायला घ्यायचा. गाडी बंद पडली की मी कणीस खातो हे त्याला माहीत झालं होतं.

दोन वर्षांत काय काय केलं त्याची यादी देतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलेलं असणार. प्लग दोनदा बदलला. एअर फिल्टर नवा. कार्बोरेटर तीनदा खोलून साफ केला. पेट्रोलची नळी बदलली. इग्निशन कॉइल नवी टाकली. शेवटी कार्बोरेटरचं किटसुद्धा टाकलं, सुई, जेट, वायसर सगळं. सगळे मिळून साडेपाच हजार गेले, आणि घरात "त्यापेक्षा हप्त्यावर नवी घ्या" हे वाक्य किती वेळा ऐकलं ते मोजलेलं नाही.

आता यातली खरी मेख. कार्बोरेटर साफ केला की गाडी पंधरा-वीस दिवस बरी चालायची. म्हणून दरवेळी वाटायचं की दुखणं तिथंच आहे, फक्त साफसफाई नीट होत नाही. मेकॅनिकने एकदा कार्बोरेटरची वाटी खोलून दाखवली. तळाला काळे, मऊ, काजळीसारखे कण होते. "नळी आतून सडली असेल," तो म्हणाला आणि नळी बदलली. बोटाने चुरडले तर ते कण रबरासारखे लागत होते. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण नवी नळी टाकून महिना झाल्यावरही वाटीत तसेच कण सापडले. पण मी काही बोललो नाही. गॅरेजमध्ये आपण सहसा बोलत नाही, मान डोलावतो.

संध्याकाळी गणपती घाटावर आमची चौघा-पाचजणांची बैठक असते. गाड्या कठड्याला लावायच्या, कृष्णेकडे तोंड करून बसायचं आणि पोरांच्या मार्कांपासून टायरच्या हवेपर्यंत सगळं बोलायचं. बुलेटवाल्या काकांच्या मते जगातला प्रत्येक आजार कॉइलचा असतो. त्यांच्यामुळेच मी कॉइल बदलली. हायस्कूलचे सर म्हणाले, पेट्रोलच पूर्वीचं राहिलं नाही. यावर सगळ्यांनी अर्धा तास मन मोकळं केलं, निदान शून्य. दूधवाले मामा तेवढे कामाचं बोलले. ते रोज किटल्या लादून मेणवलीकडून येतात. म्हणाले, "गाडी ढिली पडायला लागली की बंद पडायची वाट नको बघू. चालत्या गाडीवर चोक ओढ. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरली तर पेट्रोलचा दोष नाही, दुसरीकडं बघ."

ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुढचे निम्मे पैसे वाचतील. चोक ओढला की इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळतं. उपाशी इंजिन त्यावर क्षणभर तरतरीत होतं. दुसऱ्या दिवशी घाटात करून बघितलं. गाडी ढिली पडली, चोक ओढला, शंभर-दीडशे मीटर बरी ओढली, मग बंद. म्हणजे कॉइल, प्लग, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारी डबी) यांचा काही संबंध नव्हता. पेट्रोल पोचत नव्हतं.

पण का पोचत नव्हतं? टाकीखालच्या कॉकची, म्हणजे पेट्रोलच्या तोटीची, जाळी साफ, नळी नवी, जेट नवा.

इथं आमच्या हिचा प्रवेश होतो. रविवारी आम्ही दोघं पाचगणीला तिच्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला निघालो होतो. ओटीचं सामान, नारळ, हिरवी साडी, वर करंज्यांचा डबा, सगळं तिच्या मांडीवर. आदल्याच संध्याकाळी टाकी गच्च भरली होती. गाडी नेहमीपेक्षा लवकर, घाट चढायला लागून तीन किलोमीटर होतात न होतात तोच बंद पडली. मी सवयीप्रमाणे उतरलो, किल्ली काढली, टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावलं, झाकण लावलं आणि किक मारायला गेलो.

"अहो, तुम्ही दरवेळी टाकीत काय बघता?"

"पेट्रोल आहे का ते."

"काल तर भरलंत. आणि एक सांगू? तुम्ही झाकण उघडलं की मगच ती लागते. मागच्या वेळी किल्ली सापडत नव्हती तेव्हा किती किका मारल्यात, लागली का?"

मी किक मारली. गाडी लागली. मी बंद केली. ती माझ्याकडे बघत राहिली, कारण डोहाळजेवणाचा मुहूर्त साडेअकराचा होता.

पण मला आता राहवेना. पुन्हा निघालो, पुन्हा दोन-अडीच किलोमीटरवर ती ढिली पडून थांबली. या वेळी झाकणाला हात लावला नाही. दहा किका मारल्या, काही नाही. प्लग काढला, कोरडा ठाक. पाच-सात मिनिटं इंजिन निवू दिलं. मग कार्बोरेटरकडची नळी काढून तिचं तोंड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि कॉक उघडला. चार थेंब पडले. थांबले. आणखी एक थेंब. काठोकाठ भरलेली टाकी, कॉक उघडा, आणि नळीतून थेंब थेंब. हिला म्हटलं, "आता तू झाकण उघड." तिने एका हाताने करंज्यांचा डबा सांभाळत किल्ली फिरवली. फुस्स असा आवाज झाला, आणि त्याच क्षणी बाटलीत पेट्रोलची धार लागली. चांगली करंगळीएवढी.

दोन वर्षं आणि साडेपाच हजार रुपये. उत्तर एका फुस्समध्ये.

घरी गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आई कधी एकच भोक पाडत नाही. एका भोकातून तेल गचके खात येतं, थांबतं. समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं की सरळ धार. टाकीचंही तसंच आहे. कार्बोरेटरवाल्या बहुतेक साध्या गाड्यांत पंप नसतो. पेट्रोल फक्त उंचीच्या जोरावर खाली उतरतं आणि ती उंची असते जेमतेम वीतभर. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते, आणि एवढीशी पोकळीसुद्धा त्या वीतभर जोराला अडवायला पुरते. चढाला इंजिन भराभर पेट्रोल पितं म्हणून तिथं लगेच कळतं. उताराला मूठ सोडलेली असते, लागतं थोडंसं, तेवढं कसंबसं झिरपून मिळतं. टाकी गच्च असेल तर वर हवेला जागाच कमी, म्हणून पोकळी लवकर होते. आणि दहा मिनिटं थांबलं की फटीतून थोडी हवा शिरते, वाटीत थोडं पेट्रोल साठतं, गाडी लागते. आपण समजतो, गरम झाली होती, निवली.

डोहाळजेवणाला आम्ही बाराला पोचलो. त्याबद्दल जे ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं.

घरी आल्यावर झाकण हातात घेऊन ओसरीवर बसलो. माझ्या गाडीचं झाकण किल्ली फिरवली की पूर्ण सुटून हातात येतं. आतल्या बाजूला काळं रबरी वायसर. म्हटलं यातून हवेची वाट कुठं आहे ते बघू. वायसर नखाने उचलला, तर त्याच्याखाली आणखी एक काळी चकती. कंपनीची नव्हे. कडा कात्रीने कापलेल्या, एका बाजूला फिकट रेघा. पेट्रोलने फुगून ती लिबलिबीत झाली होती आणि हात लावला की काळं सुटत होतं. कार्बोरेटरच्या वाटीतले ते काजळीसारखे कण हेच. चकतीवर एका जागी अर्धवट अक्षरं दिसत होती, टायरच्या ट्यूबवर असतात तशी.

आमच्या घरात ट्यूब कापून कुठंही लावणारा माणूस एकच. अण्णा. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. नळ गळतो, ट्यूबची पट्टी. खुरप्याची मूठ हलते, ट्यूबची पट्टी. कपाटाचं दार आपटतं, कोपऱ्याला ट्यूबचा तुकडा. चष्म्याच्या काडीलासुद्धा बारीक कापून लावलेली आहे.

"अण्णा, हे तुम्ही बसवलंत?"

त्यांनी चकती हातात घेऊन उजेडात धरली. "हो. फुगली की काय?"

"कधी बसवलीत?"

"ते नाही का पावसात टाकीत पाणी गेलं होतं. तुझी धावपळ चाललेली. म्हटलं पुन्हा जायला नको."

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. गाडी अंगणात उघड्यावर, झाकणाचा वायसर जुना होऊन चिरलेला, आणि टाकीत पाणी उतरलं होतं. तेव्हा पंपावर मुलगा म्हणाला होता की आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, टाकीत पाणी जाऊ देऊ नका. अण्णा तेव्हा माझ्यासोबत होते. त्यांनी ते ऐकलं आणि मनावर घेतलं. तो मुलगा चुकीचं बोलला नव्हता. देशात २०२२ च्या जूनपर्यंत पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळायला लागले होते, पुढे ते २० टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण प्रमाणाबाहेर पाणी झालं की ते पेट्रोल सोडून पाण्याशी संधान बांधतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. नेमका तिथंच कॉक असतो. तेव्हा अण्णांची काळजी अगदी रास्त होती. उपाय तेवढा दुसऱ्याच आजाराचा झाला.

पाणी गेलंय का हे कसं ओळखायचं, तेही सांगून टाकतो. कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक स्क्रू असतो. गाडी थंड असताना तो सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर, मधे स्पष्ट रेघ दिसली तर पाणी आहे. मग टाकी, कॉक, वाटी सगळं रिकामं करून नवं पेट्रोल भरण्याला पर्याय नाही. हे उघड्यावर करा, आसपास विडी-काडी नको. आणि बरणी कोणती घेताय ते घरात विचारून घ्या. मी मुरंब्याची घेतली होती.

चकती काढली म्हणून गाडी लगेच सुधारली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आठवडाभर अधूनमधून कुरकुर चालू होती. ट्यूबचा विरघळलेला लगदा झाकणाच्या वाटेत जाऊन बसला होता. ही वाट सरळ भोकासारखी नसते. गाडी आडवी पडली तर पेट्रोल सांडू नये म्हणून ती वळणावळणाची असते, काही झाकणांत बारीक गोळीही असते. म्हणून तार घालून कोचू नका, गोळी किंवा तिची बैठक खराब होईल. झाकण रात्रभर रॉकेलमध्ये, नाहीतर थोड्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली, दोन्ही बाजूंनी. हवा आरपार जाते आहे हे ओल्या बोटावर कळतं. तोंडाने फुंकायचा मोह आवरा, मला दिवसभर जेवणाला पेट्रोलची चव लागत होती. मग टाकी उतरवून धुतली, चौथ्यांदा आणि शेवटच्यांदा कार्बोरेटर साफ केला आणि झाकणाला कंपनीचा नवा वायसर बसवला. वायसरची किंमत सांगत नाही, त्रास होतो.

आता काही अडचणी, कारण मी हा किस्सा सांगितल्यावर घाटावरचे सगळेच आपापल्या गाड्यांची झाकणं उघडायला धावले.

फुस्स आवाज आला म्हणजे झाकण बुजलंच असं नाही. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफ होते, ती बाहेर पडतानाही आवाज येतो. आपल्याला हवा आहे तो आत ओढल्याचा आवाज, तोही गाडी बंद पडल्यावर लगेच. झाकणाशी रुमालाचं टोक धरलं तर आत ओढलं जातं की बाहेर फडफडतं ते दिसतं. त्याहून भरवशाचं म्हणजे नळीची धार. झाकण बंद असताना थेंब, उघडल्यावर धार, की समजा सापडला. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉक आणि त्याची जाळी बघा. काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडणारा असतो, त्यात गाडी बंद असताना पेट्रोल येतच नाही. तिथं ही परीक्षा फसेल.

धार चांगली, वाटी भरलेली, तरी बंद? मग त्याच क्षणी, गाडी गरम असतानाच ठिणगी बघायची. प्लग काढून टोपीत बसवायचा, धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा, प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब धरायचा आणि किक मारायची. पिकअप कॉइल किंवा इग्निशन कॉइल आतून तुटायला आली असेल तर गरम असताना ठिणगी मरते आणि गॅरेजपर्यंत ढकलत नेईस्तोवर परत येते. बुलेटवाल्या काकांचं निदान तिथं खरं ठरू शकतं, एवढं त्यांना द्यायला हवं. ठिणगीही ठीक असेल आणि गरम असताना किक एकदम हलकी जात असेल, तर टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) घट्ट झालेले असतील. ते गाडी पूर्ण थंड असताना, आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून घ्यायचे. दुसऱ्याच्या गाडीचं माप चालत नाही.

२०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस सहा (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनवाल्या आहेत. त्यांची पेट्रोलची नळी रस्त्यात उभं राहून काढू नका, तिच्यात दाब असतो. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांत हवेची वाट टाकीखालच्या बारीक नळीतून पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीकडे गेलेली असते. सर्व्हिसिंगनंतर ती नळी कुठं दुमडली, चेपली नाही ना, एवढं बघून घ्या. टाकीवर रेक्झिनचं कव्हर घालणाऱ्यांनी झाकणावरची झडप हवा कोंडत नाही ना तेही बघा. आणि पॉलिश करणाऱ्यांनी झाकणावर पॉलिश घासणं बंद करा. सरांच्या गाडीच्या झाकणातून आम्ही टाचणीच्या टोकाने जे पांढरं काढलं ते पॉलिशच होतं. वरवरचं होतं म्हणून टाचणी, आत नाही घातली.

पाण्याचा प्रश्न राहिलाच होता. गाडी आता पत्र्याखाली लावतो. अण्णांना मात्र नुसत्या पत्र्यावर विश्वास नाही. ते रात्री टाकीवर निळं प्लास्टिकचं घमेलं उपडं घालतात आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून त्याला बांधतात. कशाने ते सांगायला नको. सकाळी मी सोडतो, रात्री ते बांधतात.

मागच्या आठवड्यात ऑफिसातून आलो तर शेजारचा पोरगा नवी कोरी गाडी घेऊन अंगणात उभा. अण्णा त्याच्या झाकणाभोवती वाकून बघत होते, एका हातात कात्री. पोराला सांगत होते, "पावसाचे दिवस आहेत रे, आतून एक चकती टाकून घेऊ." मी डबा तिथंच टाकून धावलो.